प्रवासात वाचायची पुस्तके

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: ‘बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. आमच्या भागात बारा जणांचा वाचनगट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचे आणि ज्याची पाळी असेल त्याने निवडलेल्या पुस्तकावर बोलायचे, असा रिवाज आहे. गेल्या वर्षी माझ्या पाळीला मी नारायण धारप यांची “लुचाई” ही भयकादंबरी निवडली. गटातले एक निवृत्त प्राध्यापक हसून म्हणाले, “छान. प्रवासात वाचायला बरी असतात ही पुस्तके.” दुसऱ्या एकांनी मोबाइलवर शोधून ती इंग्रजीवरून घेतल्याचे जाहीर केले आणि “म्हणजे चोरीच की,” असा शेरा मारला. तिसऱ्या बाईंनी निम्म्या लोकांचे वाचून व्हायचे असताना शेवटच सांगून टाकला. मला उत्तर सुचले नाही. “पण एकदा घेतले की खाली ठेववत नाही हो,” एवढेच मी म्हणू शकले. दोन महिन्यांनी पुन्हा माझी पाळी आहे. गट सोडावा, की या वेळी एखादे वजनदार पुस्तक घेऊन सुटका करून घ्यावी? आणखी एक: भावाची रहस्यकथांची आणि “नवल”च्या जुन्या अंकांची एक पेटी माझ्याकडे आहे. घरचे म्हणतात, रद्दीत द्या. काय करू?’

सस्नेह नमस्कार.

गट सोडू नका, आणि सुटका करून घेण्यासाठी वजनदार पुस्तकही निवडू नका. मनापासून वाचावेसे वाटले तर ते अवश्य घ्या. पण प्रायश्चित्त म्हणून वाचलेल्या पुस्तकावर कोणालाच धड बोलता येत नाही, आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच कळते.

तुमच्या पत्रात मी अडखळलो तो प्राध्यापकांच्या वाक्यापाशी नाही, तुमच्या वाक्यापाशी. ‘खाली ठेववत नाही’ हे कौतुक खरे असले तरी ते भाजलेल्या शेंगदाण्यांनाही लागू पडते. रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांवर जीव असलेले आपण सगळे वाचक वर्षानुवर्षे हेच बोलत आलो आहोत: भन्नाट आहे, झपाटून टाकले, एका बैठकीत संपवले, रात्री दिवा लावून झोपलो. या प्रत्येक विधानात आपली झोप कशी उडाली ते कळते, पुस्तकाविषयी मात्र काहीच कळत नाही. गटात कोणी कवितासंग्रह आणला तर तो एखाद्या ओळीवर बोट ठेवून बोलतो. आपण मात्र स्वतःच्या छातीच्या धडधडीची साक्ष काढतो. त्या हसण्याला थोडेसे आपणही जबाबदार आहोत, असे मला वाटते. तुमचे मन दुखावले गेले हे मला ठाऊक आहे, आणि तरीही हे लिहितो आहे. कारण दोन महिन्यांत सुधारता येण्याजोगी गोष्ट हीच आहे. प्राध्यापक काही इतक्यात सुधारायचे नाहीत.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षे एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव खिडकीमागे बसलो. तिथे या पुस्तकांवर जे बोलणे चालायचे, ते अजून माझ्या कानांत आहे. आपण हे पुस्तक वाचले आहे हे लक्षात राहावे म्हणून नेमाने ठरावीक पानावर पेन्सिलीची बारीक खूण करणारे सभासद होते, आणि तिसऱ्या पानावर ‘खुनी दिवाणजी आहे’ असे लिहून पुढच्या वाचकाचा सूड घेणारेही होते. (अशी पाने खोडरबराने पुसण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला.) एक एसटीचे वाहक दर सोमवारी दोन रहस्यकथा परत करून दोन नव्या नेत. एकदा त्यांनी पुस्तक खिडकीवर ठेवले आणि म्हणाले, ‘या खेपेला लेखकाने घाई केली. नोकराला रजेवर पाठवायचे कारण सांगितले नाही, तिथेच मला संशय आला.’ समीक्षा याहून वेगळी काय असते? कथेतील एक तपशील, तो का खटकला आणि त्यामुळे रचना कुठे उघडी पडली, एवढे सगळे त्या दोन वाक्यांत होते. असे बोलणे खिडकीपाशी झाले आणि तिथेच विरले. तुमच्या गटात ते बसून, सावकाश व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की सगळ्या प्रकाराची वकिली करू नका. ‘हेसुद्धा साहित्यच आहे’ हे सिद्ध करायला गेलात तर तुम्ही हराल, आणि हरणे रास्तही असेल. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. गुरुनाथ नाईक यांचा आकडाही हजारापलीकडे जातो. या वेगाने लिहिलेले सगळेच घडीव असणे शक्य नाही. त्यांत योगायोगांची रेलचेल आहे, एकाच साच्यातली माणसे आहेत आणि पाने भरण्यासाठी लांबवलेले पाठलाग आहेत. हे प्राध्यापकांनी म्हणण्यापूर्वी तुम्हीच म्हणा. अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर एका पिढीने जीव टाकला, त्यांच्यामुळे कित्येकांना वाचायची सवय लागली, हे खरेच आहे. पण ‘वाचनाची सवय लागते’ हा बचाव मला फारसा आवडत नाही. त्यात या पुस्तकांना बालवाडीचा दर्जा दिल्यासारखे होते.

तुमचे प्राध्यापक एकटे नाहीत, याचीही खूणगाठ बांधून ठेवा. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४४ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये रहस्यकथांवर टीका करणारा लेख लिहिला. त्यावर वाचकांच्या निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला, तेव्हा १९४५च्या जानेवारीत त्यांनी दुसरा, आणखी तिखट लेख लिहिला. रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी का करीना, कोणाला पर्वा आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच होते; हा ॲक्रॉइड अगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीतला. त्यानंतर तीन वर्षांनी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी मात्र रहस्यकथा म्हणजे आपल्यासाठी तंबाखू-दारूसारखे व्यसन आहे, वाचून संपली की ती आपण विसरतो आणि पुन्हा वाचावीशी वाटत नाही, अशी कबुली दिली; आणि हे सांगूनही त्याच निबंधात त्यांनी रहस्यकथेची जडणघडण अशा बारकाईने तपासली, की पुढे या विषयावर लिहिणाऱ्यांना तो निबंध टाळता आला नाही. मला यातली कबुली फार मोलाची वाटते. प्रकार थोर आहे असे ऑडन यांनी म्हटलेच नाही. तो कसा चालतो, एवढे त्यांनी सांगितले.

आता प्राध्यापकांनी साहित्य आणि ‘प्रवासात वाचायची पुस्तके’ यांच्यामध्ये उभारलेल्या भिंतीविषयी. आपल्याकडे ही भिंत पहिल्यापासून नव्हती. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची; विधवांच्या दुःस्थितीवर लिहिलेली ती कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. तिच्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि ती सरळ अद्भुतरम्य होती. म्हणजे समाजाचे दर्शन घडवणारी आणि नवलाईत रमणारी अशा दोन्ही बहिणी एकाच घरात, थोड्याच अंतराने जन्मल्या आहेत. भिंत मागाहून उभी राहिली, आणि तीही मोठी लहरीपणाने. ऐतिहासिक कादंबरीचेच पाहा. तिचेही ठरलेले संकेत असतात, ठरलेला नायक असतो, घोड्यांच्या टापा असतात, फितुरी असते, आणि शेवट तर वाचकाला शाळेपासून पाठ असतो. ती रात्र-रात्र जागून वाचली जाते, आणि तरीही तिला कोणी प्रवासात वाचायचे पुस्तक म्हणत नाही. उलट ती लग्नात आहेर म्हणून दिली जाते. तुमच्या प्राध्यापकांच्या कपाटात अशा किती आहेत, हे पुढच्या वेळी त्यांच्या घरी बैठक असेल तेव्हा सहज नजर टाकून पाहा. बोलून दाखवू नका.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. जगविख्यात खगोलशास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी भारावून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे २०२१ मध्ये तुमच्याच शहरात चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा लेखक त्या पदावर निवडला गेला, ही घटना तुमच्या गटातल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली आहे.

ही हकिकत वादात ढाल म्हणून वापरा असे मला सुचवायचे नाही. तिच्यातली युक्ती घ्या. पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच, लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि प्रकार काहीही न सांगता, निवडलेल्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचा. भुताचे पान निवडू नका. भूत येण्याच्या कितीतरी आधीचे, माणसे चहा पीत बसली आहेत, पाहुणा दारात चपला काढतो आहे, असे पान निवडा. मग विचारा, की हा लेखक कसा लिहितो. लोक वाक्यांविषयी बोलू लागतील, माणसांविषयी बोलू लागतील, कोणीतरी म्हणेल की इथे काहीतरी बिनसणार आहे असे उगाचच वाटते आहे. ‘उगाच’ हा शब्द आला की तिथेच त्यांना थांबवा. उगाच काही वाटत नसते. कोणत्या शब्दाने ते वाटले, हे पानावर शोधायला लावा. चांगल्या भयकथेचे सगळे कसब त्या शोधात आहे, आणि तुमची अर्धी बैठक त्यातच निघून जाईल.

धारपांचा विशेष मला तरी इथेच दिसतो. त्यांची भाषा साधी आहे, जवळजवळ कार्यालयीन टिपणासारखी. सांगणारा माणूस बहुधा सुशिक्षित, हिशेबी, नोकरी-व्यवसायातला असतो. जे पाहिले त्याचे तो आधी सरळ स्पष्टीकरण शोधतो: वारा असेल, डोळ्यांना भास झाला असेल, जेवण पचले नसेल. वाचकही त्याच्याबरोबर एकेक स्पष्टीकरण खोडत जातो, आणि शेवटी हातात काही उरत नाही तेव्हा भीती आत येते. हीच गोष्ट अलंकारिक भाषेत, पहिल्याच परिच्छेदात घुबड घुमवून सांगितली असती तर तुम्ही दुसऱ्या पानावर पुस्तक मिटले असते. ‘खाली ठेववत नाही’ याचे कारण हे आहे. आता हेच कारण, पान उघडून, गटाला दाखवा.

रहस्यकथा असेल तर प्रश्न वेगळे होतील. वाचकाला काय ठाऊक आहे आणि शोध घेणाऱ्याला काय ठाऊक आहे, या दोहोंतले अंतर लेखक कसे सांभाळतो? दुवा त्याने कुठे लपवला? कसलेला लेखक दुवा अंधारात ठेवत नाही, उजेडात ठेवतो. दिवाणखान्यातल्या सामानाची लांबलचक यादी देतो, त्यात पाचव्या जागी बंद पडलेले घड्याळ ठेवतो आणि लगेच एखाद्या बोलघेवड्या आत्याबाईंना प्रवेश देऊन तुम्हाला हसवतो. हसता हसता घड्याळ निसटते. विज्ञानकथेला तर एकच प्रश्न पुरे: लेखकाने कल्पनेची सूट किती वेळा घेतली? एकदा घेतली आणि बाकीचे सगळे तिच्यातून ओघाने आले, तर तो लेखक पक्का. अडचण आली की नवे यंत्र काढणारा कच्चा.

चोरीचा आरोप मात्र हसण्यावारी नेऊ नका. तो या साहित्यावरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप आहे. ‘लुचाई’चे मूळ अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ या रक्तपिपासूंच्या कादंबरीत आहे, हे जाणकार वाचकांत सर्वश्रुत आहे, आणि धारपांच्या चाहत्यांनी ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रूपांतर आपल्याला नवे नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’, देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’, गो. ना. दातारशास्त्री यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना असा मराठी साज चढवला, की कित्येक वाचकांना मूळ परके आहे याची शंकाही आली नाही. तेव्हा ‘घेतले आहे’ एवढ्याने चोरी ठरत नाही. ज्या पुस्तकावर मुळाचे नाव नाही, तिथे मूळ लेखकावर अन्याय होतो, असे मी निःसंकोच म्हणेन. तो लेखक लोकप्रिय आहे म्हणून किंवा त्या काळी सगळेच तसे करत म्हणून तो अन्याय कमी होत नाही. मुळाचे ऋण मान्य करा आणि मग विचारा, की मराठीत आणताना लेखकाला काय काय बदलावे लागले.

हा प्रश्न पुरेसा खोल आहे. पाश्चात्त्य रक्तपिपासूच्या कथेत क्रूस असतो, चर्च असते, पवित्र पाणी असते, आणि या सगळ्यांवर ज्याची श्रद्धा डळमळली आहे असा माणूस असतो. मराठी गावात हे सगळे कुठून आणायचे? त्या जागी आपल्याकडची कोणती वस्तू, कोणता विधी, कोणता माणूस येतो, आणि तो तितक्याच ताकदीने उभा राहतो का? काही ठिकाणी राहतो, काही ठिकाणी नुसती अदलाबदल वाटते. मोबाइलवर शोधणाऱ्या सदस्यांनाच हे काम द्या: त्यांनी इंग्रजी मूळ वाचून यावे आणि तुम्ही मराठी, मग दोघांनी समोरासमोर बसून प्रकरणे लावून पाहावीत. आरोप करणाऱ्याला दप्तर सांभाळायला दिले की तो निम्मा आपल्या बाजूचा होतो, हा माझा वाचनालयाच्या कार्यकारिणीतला अनुभव आहे.

शेवट सांगून टाकणाऱ्या बाईंसाठी नियम करावा लागेल, आणि तो गटप्रमुखांकडून आधीच जाहीर करून घ्यावा. बैठकीचा पूर्वार्ध न वाचलेल्यांसह, मग चहा, ज्यांना शेवट कळू नये असे वाटते त्यांनी चहानंतर निघावे. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या ज्या कादंबरीतला खून विल्सन यांनी शीर्षकात घेतला होता, तिच्या शेवटावरून तेव्हाच्या वाचकांत ‘ही फसवणूक आहे’ आणि ‘नाही, सगळे पानावर होते’ असा वाद पेटला. तो शेवट काय आहे ते मी इथे सांगणार नाही, पण त्यावर चर्चा करायची तर सर्वांनी तो वाचलेला असलाच पाहिजे. शेवट झाकून ठेवला तर रहस्यकथेवर वरवरचेच बोलणे होते, आणि आधी फोडला तर वाचणाऱ्याचा हक्क जातो. म्हणून चहाची वेळ सांभाळायची.

पुस्तक कोणते, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सुचवतो. या वेळी कादंबरी नको. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांच्या ‘खेकडा’ या संग्रहातल्या दोन कथा निवडा आणि तेवढ्याच वाचून यायला सांगा. दोन कथा न वाचून येण्याची सबब कोणाला देता येत नाही, हा एक फायदा. दुसरा असा, की मतकरींनी ‘लोककथा ७८’सारखे सामाजिक नाटकही लिहिले, मुलांची नाटकेही लिहिली आणि गूढकथाही लिहिल्या, एकाच लेखणीतून हे सगळे उतरलेले असल्यामुळे प्राध्यापकांना त्यांना एका कप्प्यात टाकताना जरा त्रास होईल. ‘भयकथा’ऐवजी ‘गूढकथा’ हा शब्द रूढ झाला त्यालाही अर्थ आहे. भयकथेत दार वाजते. गूढकथेत दार वाजले की नाही, हेच ऐकणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. या फरकावर गटातल्या कोणालाही, अगदी कविता वाचणाऱ्यांनाही, बोलता येईल.

आता पेटी. रद्दीत देऊ नका, निदान माझे हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी. अनंत अंतरकर यांनी सुरू केलेल्या ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या तीन मासिकांपैकी ‘नवल’ने अद्भुत, भय आणि विज्ञान या प्रकारच्या कथांना हक्काची जागा दिली. त्यांतल्या पुष्कळ कथा पुढे पुस्तकांत आल्या, आणि ज्या आल्या नाहीत त्यांचा पत्ता आता अशा पेट्यांतच लागतो. रहस्यकथांच्या छोट्या पुस्तकांची गत त्याहून वाईट. हलका कागद, तारेची टाचणी आणि शेकडो हात यांमुळे ती टिकलीच नाहीत, आणि अनेक वाचनालयांनी ती जपण्यासारखी कधी मानलीही नाहीत. त्यांत, लाजत सांगतो, आमचेही होते. एकदा जागा हवी म्हणून मीच अशी दोन कपाटे निकालात काढली.

तेव्हा एक दुपार काढा. पुस्तके उन्हात नको, सावलीत वारा लागेल अशी पसरा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, पाने फाटतील. चिमट्याने दोन्ही टोके सरळ करून मागच्या बाजूने काढा. वहीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल आणि मुखपृष्ठ आहे की नाही, एवढे लिहा. मग ती यादी, पेटी नव्हे, तुमच्या शहरातल्या आणि मुंबई-ठाण्याच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांकडे पाठवा; त्यांच्याकडे नसलेले काही निघाले तर ते स्वतः कळवतील. यादी करताना प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे पान जागेवर आहे का, तेवढे मात्र आठवणीने पाहा, आणि तिसऱ्या पानावर कोणी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते न वाचता पुसा.